द्या हिकडं

"द्या हिकडं."

एवढंच वाक्य. त्यात विनंती नसते, प्रश्न नसतो, 'घेऊ का मी थोडा वेळ?' असली शहरी भानगड नसते. वाक्य पुरं व्हायच्या आत दोन हात पुढे आलेले असतात आणि आपलं पोर त्या हातांत गेलेलं असतं. आपण कोण, त्या कोण, पोरानं आत्ताच पेलाभर दूध पिऊन उलटीची तयारी केली आहे का, ही सगळी चौकशी नंतर. आधी ताबा.

या मावशी मला जास्त करून स्वारगेटहून सांगलीला जाणाऱ्या लाल गाडीत भेटल्या, म्हणून त्यांचं वाक्य माझ्या कानात सांगलीच्या वळणाचं बसलं आहे. पण त्या सगळीकडे आहेत. विदर्भात त्या "द्या ना जी इकडे" म्हणतात, मालवणात "हाड हय" म्हणतात. दवाखान्याच्या बाकावर, मंगल कार्यालयात जेवणाच्या पंगतीमागे, रेशनच्या रांगेत, लोकलच्या बायकांच्या डब्यात त्यांचा वावर असतो. वय पंचावन्न ते ऐंशी यांमध्ये कुठेही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू किंवा बारीक गोंदण, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि पायाशी वायरची पिशवी. पिशवीत काय असेल ते सांगता येत नाही. भडंग असतं, ओल्या शेंगा असतात, गाडी लागणाऱ्यांसाठी लिंबू असतं, पुरचुंडीत ओवा असतो. एकदा तर टॉर्चही निघाली होती, भर दुपारी, आणि ती कामालाही आली.

त्या लागतात कशाला, हे ज्याला चार वर्षांचं चालतं-बोलतं मूल घेऊन एसटीत बसायची वेळ आली नाही त्याला कळणार नाही. तान्हं मूल परवडलं. ते ओरडतं पण जागचं हलत नाही. चार वर्षांचं मूल आधी खिडकी मागतं, मग दुसरी खिडकी मागतं. पुढच्या सीटची पाठ लाथेनं वाजवून बघतं. समोर टक्कल असेल तर त्यावर अलगद हात ठेवतं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतं, "बाबा, यांचे केस कुणी नेले?" तीन आणि दोनच्या त्या बाकांच्या मधल्या बोळात पोती, ट्रंका आणि उभी माणसं असतात, तिथून वाट काढत ते ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत पोचतं आणि गिअरच्या दांड्याविषयी शंका विचारतं. आपण मागून "अरे, अरे" करत जात असतो. या "अरे, अरे"चा कुणावरच काही परिणाम होत नाही. तो मुलासाठी नसतोच. आपण बाप म्हणून प्रयत्न करतो आहोत हे गाडीला कळावं, यासाठी असतो.

आणि गाडी बघत असते. एक गृहस्थ उसासे टाकत असतात. एक काका "आमच्या वेळी वडिलांनी नुसतं बघितलं तरी..." असं आपल्याकडे न बघता खिडकीला सांगत असतात. एक तरुण मुलगी गोड हसते, तिचं हसू कात्रज ओलांडेपर्यंत टिकतं. भला माणूस असेल तर तो स्वतःचा मोबाइल पुढे करतो, त्यावर कार्टून लावून. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास. सांगली पाच-सहा तासांवर आहे. उरलेल्या वेळेचं काय करायचं, ते त्या मार्गदर्शनात मला सापडलं नाही. ते मावशींकडे असतं.

मावशी मुलाशी लाडात बोलत नाहीत. गाणी म्हणत नाहीत, तोंडं वाकडी करून दाखवत नाहीत, 'अले अले' तर मुळीच नाही. त्या मुलाला कामाला लावतात. मांडीवर घेतल्या घेतल्या पहिलं वाक्य, "हे धर." मग हातात चष्म्याचं घर येतं. "पाडायचं न्हाई. माझं डोळं हायेत त्यात." पोर अचानक गंभीर होतं. घरी ज्याच्या हातात स्टीलचा पेला द्यायला आपण कचरतो, त्याच्या हातात एका बाईचे डोळे येतात. दहा मिनिटांनी बढती मिळते. "आता ह्या पिशवीवर ध्यान ठेव. गाडीत चोर असत्यात." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघतात. पोरगंही माझ्याकडे बघतं, आणि पुढचा तासभर बापाच्या हातांवर नजर ठेवून बसतं.

शेंगा सोलायला देणं हा त्यांचा हुकमी एक्का. निम्मे दाणे पोराच्या पोटात, निम्मी टरफलं माझ्या बुटांत, पण खंबाटकीचा घाट कधी चढून उतरलो ते कळत नाही. याच घाटात आमच्या चिरंजिवांनी पूर्वी दोन बाकं आणि एका शिक्षकांचं धोतर रंगवलेलं आहे. मावशींनी घाट लागायच्या आत त्याच्या नाकाशी लिंबू धरलं आणि वर दम दिला, "वकलास तर तुझ्या बाला पुसायला लावीन." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. दया आली असावी. घाट कोरडा गेला.

मुलांना भीती दाखवून वाढवू नये, असं आम्ही पुस्तकात वाचलेलं. साखर देऊ नये. परक्याच्या हातचं खाऊ नये. खाण्याआधी हात धुवावेत. शिरवळ येईपर्यंत यातलं एकही कलम शिल्लक राहत नाही. मावशींच्या कनवटीतून निघालेली, कागद अंगाला चिकटलेली, कुठल्या सालातली ते सांगता न येणारी लिमलेटची गोळी पोराच्या गालात गेलेली असते. माझ्या पत्नीनं एकदा धीर करून सांगितलं, "मावशी, आम्ही त्याला गोड देत नाही." मावशींनी तिच्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "का गं? परिस्थिती न्हाई व्हय?" आणि दुसरी गोळी काढून तिला दिली.

तिकिटाच्या वेळी मावशींचं गणित बघण्यासारखं असतं. एसटीत पाच वर्षांपर्यंत मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३पासून बायकांना सरसकट निम्मं भाडं. (त्यानंतर गाड्यांत मावशींची संख्या वाढली, असं माझं निरीक्षण आहे. इतर खात्यांनी काही म्हणो, लहान मुलांच्या बापांनी सरकारचे आभार मानायला हवेत.) चिरंजिवांना पाच पूर्ण झाली त्यानंतरच्या प्रवासात मी सरळ मनानं कंडक्टरला म्हणालो, "एक फुल, एक हाफ."

"हाफ कशाला?" मावशी म्हणाल्या. "तीन वर्साचं हाय ते."

"पाच पूर्ण झाली," मी म्हणालो.

"बाप्याला काय ठावं असतंय? दिसतंय मोठं. खात्यापित्या घरचं हाय."

इतक्यात कंडक्टरनं त्यांचंच वय विचारलं. "पंचाहत्तर," मावशी ठणकावून म्हणाल्या. कार्ड मागितल्यावर पदराची गाठ सोडायला त्यांनी इतका वेळ लावला की मागचे प्रवासी कुरकुरायला लागले. कार्डावर त्र्याहत्तर निघाली. स्वतःच्या वयात दोन वर्षं घालायची आणि पोराच्या वयातून दोन काढायची. एकूण बेरीज जुळत होती, त्यामुळे आपण खोटं बोललो असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. कंडक्टरनं दोघांचीही अर्धी तिकिटं फाडली. खरं म्हणजे हल्ली फाडत नाहीत, मशिनीतून काढतात, पण मावशी त्याला "फाडलं" असंच म्हणाल्या आणि सातारा येईपर्यंत त्या कंडक्टरवर राग धरून बसल्या.

त्याच प्रवासात भुईंजच्या पुढे घंटा वाजली.

लाल गाडीत छताजवळून एक दोरी गेलेली असते. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. कंडक्टर आणि ड्रायव्हर यांच्यात दिवसभर याच भाषेत संभाषण चालतं आणि दोघांनाही दुसऱ्या भाषेची गरज पडत नाही. चिरंजीव मावशींच्या मांडीवर उभे होते, गाडी उधळल्यासारखी चालली होती, आणि दोरी त्यांच्या डोक्याशी लोंबत होती. टण्. एकच टोला. ड्रायव्हरनं शिस्तीत गाडी बाजूला घेतली. हायवेवर, दोन्ही बाजूंना ऊस, माणूस नाही, पाटी नाही.

"कोण उतरतंय?" कंडक्टर म्हणाला.

कुणी उठलं नाही. उसासेवाले गृहस्थ हळूच वळून आमच्याकडे बघायला लागले. त्यांना इतका वेळ ज्याची वाट होती ते घडलं होतं. मी माफी मागायला निम्मा उठलो तोच माझ्या मनगटावर बांगड्यांचा हात पडला आणि मी खाली बसलो.

"माझा हात लागला," मावशी म्हणाल्या.

मावशींची उंची बसल्या जागी सीटच्या दांडीपेक्षा थोडी कमी भरते. दोरी छताला. कंडक्टरनं दोरीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मग त्यांच्या मांडीवर चष्म्याचं घर छातीशी धरून पुतळा झालेल्या माझ्या मुलाकडे पाहिलं. हाच तो कंडक्टर, ज्याला त्यांनी तासाभरापूर्वी चारचौघांत 'आईबापानं शिकिवलं न्हाई' म्हटलं होतं. तो काही बोलला नाही. हात वर करून त्यानं दोन टोले दिले. गाडी निघाल्यावर मावशी पोराच्या कानाशी लागल्या आणि काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. एवढं खरं की त्यानंतर त्यानं दोरीकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि साताऱ्यापर्यंत गाडीतली डोकी मोजत बसला. 'एकोणतीस'च्या पुढे 'वीसदहा, वीसअकरा' असं मोजत. मावशी प्रत्येक आकड्याला मान डोलावत होत्या. त्यांनाही हिशोब पटत असावा.

एसटीनं आपल्या निमआराम गाड्यांना 'हिरकणी' नाव दिलं आणि स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष काढले. नाव चपखल आहे. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून गेलेली गवळण. ही कथा मी एकदा वेळ काढायला मुलाला सांगत होतो. शेजारी मावशी ऐकत होत्या. कथा संपल्यावर सगळे ऐकणारे म्हणतात तसं 'काय आईची माया' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आणि आळीतल्या बायका काय करत हुत्या?" त्यांच्या मते आईनं कडा उतरावा लागणं ही गडाखालच्या शेजारणींना लाज आणणारी गोष्ट. बुरूज बांधला ते ठीक, पण आधी त्या बायकांना बोलावून विचारायला पाहिजे होतं.

हे सगळं फुकट मिळतं असं मात्र समजू नये. मावशी माहितीत वसुली करतात. नोकरी कुठे, पगार किती, घर भाड्याचं की स्वतःचं, भावाशी पटतं का, आणि "दुसरं कधी?" पहिलं त्यांच्या मांडीवर उड्या मारत असताना, आपले डोळे खोल गेलेले असताना, त्या हे विचारू शकतात. आडनावही विचारतात, गावही विचारतात, आणि दोन्ही कशासाठी विचारतात ते आपल्या मुलखात कुणाला समजावून सांगायला नको. मावशी देवमाणूस नाहीत. माहेर, सासर आणि भावकी मिळून त्यांचा मेंदू घडलेला आहे. पण मी एक क्रम नीट लक्षात ठेवला आहे: पोर आधी मांडीवर घेतात, आडनाव नंतर विचारतात. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा किंचित बदललेलाही मी पाहिला आहे. मांडी बदललेली पाहिली नाही.

दुसरी एक गोष्ट माझ्या पत्नीनं लक्षात आणून दिली, आणि ती मला फारशी आवडली नाही. मी एकटा मुलाला घेऊन प्रवास करतो तेव्हा तीन-तीन मावशी धावतात. "आई कुठाय रं बाळा?" हे इतक्या हळव्या आवाजात विचारतात की 'ऑफिसात' हे उत्तर देताना मलाच अपराध्यासारखं वाटतं. मी पोराचं नाक पुसलं तर शेजारणी एकमेकींकडे कौतुकानं बघतात. बाप्या असून नाक पुसतो! तीच जेव्हा एका खांद्याला लॅपटॉप आणि दुसऱ्या खांद्याला झोपलेलं पोर लटकावून चढते, तेव्हा तिला प्रश्न येतो, "एकटीच निघालीस? घरचं कुणी न्हाई?" मदत तिलाही मिळते, पण मला शाबासकी जोडून मिळते आणि तिला तपासणी. तिचं म्हणणं, मावशींच्या मायेचा भाव बायका आणि पुरुषांना वेगळा लागतो. मी यावर म्हणालो की एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. त्यानंतर त्या दिवशी आमचं फारसं बोलणं झालं नाही.

मावशींना विमान मात्र मानवत नाही. तिथे सगळ्यांना पट्ट्यानं बांधलेलं असतं आणि कानांत बोळे घातलेले असतात. परदेशात काही आईबाप चढताना शेजाऱ्यांना कानातले बोळे, चॉकलेट आणि 'आमचं बाळ रडलं तर क्षमा करा' अशी चिठ्ठी वाटतात. २०१६मध्ये आपल्याकडे इंडिगोनं विमानातल्या काही रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद ठेवल्या, शांततेसाठी. जपान एअरलाइन्सच्या आसनांच्या नकाशात दोन वर्षांखालचं बाळ जिथे बसणार त्या जागेवर बाळाच्या तोंडाचं चित्र येतं. इतरांना आधीच कळावं आणि त्यांनी लांबची जागा घ्यावी, हा हेतू. हा नकाशा मावशींच्या हातात पडला तर त्या चित्राच्या शेजारची जागा धरतील, नाहीतर पुढची, आणि उठायला परवानगी नसली तरी सीटच्या फटीतून हात मागे घालतील.

एसटीत चढतानाच मूल आपलं राहत नाही, हा त्या गाडीचा मोठा गुण. दारात झुंबड, रुमाल टाकून जागा धरायची, म्हणून पोराला खिडकीतून आत सरकवायचं. आत कुणीतरी ते घेतं. मग आपण दारातल्या रेटारेटीतून शर्टाचं बटण गमावून आत येतो तर मुलगा खिडकीशी बसून शेंगा खातो आहे आणि शेजारच्या बाई त्याला विचारत आहेत, "तुझ्यासंगं कोण हाय का रं?" तो आपल्याकडे बोट दाखवतो. बाई आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतात. मुलगा आपल्याला परत द्यावा की नाही, याचा विचार चाललेला असतो.

उतरताना मावशी निरोप घेत नाहीत. कराड आलं की पिशवी उचलतात, चष्म्याचं घर पोराच्या मुठीतून सोडवून घेतात, पोर रडायला लागतं तर "गप, मला गाडी बदलायचीया" म्हणतात आणि वळून न बघता गर्दीत जातात. आपण 'थँक्यू मावशी' म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्या फलाटावर दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला ओरडत असतात.

आता चिरंजीव मोठे झाले. कानात काहीतरी घालून बसतात, बाप शेजारी आहे याचाही त्यांना पत्ता नसतो. मध्यंतरी सांगलीला एकटाच चाललो होतो. पलीकडच्या बाकावर एक तरुण आई, मांडीवर दीड वर्षाचं एक आणि पायाशी चार वर्षांचं दुसरं. चार वर्षांच्यानं खिडकी मागितली, मग दुसरी मागितली, मग गिअरकडे निघाला. मला पुढचं सगळं तोंडपाठ होतं. मी हात पुढे केले आणि आवाजात शक्य तेवढी सांगली आणून म्हणालो, "द्या हिकडं."

त्या बाईनं दोन्ही मुलं छातीशी ओढली. आजूबाजूच्या चार माना वळल्या. एकानं मोबाइल काढला, बहुधा माझा फोटो घ्यायला.

"त्यास्नी नगं, माझ्याकडं द्या," मागून आवाज आला. सीटवरून बांगड्यांचे दोन हात आले, थोरलं उचललं गेलं, माझ्या डोक्यावरून पलीकडे गेलं. मग तेच हात पुन्हा आले आणि माझ्या मांडीवर वायरची एक जड पिशवी ठेवून गेले.

"तुमी हे धरा. वाकडं करायचं न्हाई."

मी धरली. पिशवीचं तोंड दोरीनं आवळलेलं होतं आणि ती मधूनच आपोआप हलत होती. उंब्रजजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि पिशवी अशी काही आरवली की सगळी गाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी "अरे, अरे" म्हणालो.